दोन साचे की तीन

१९२८च्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या कापडगिरण्या एकेक करत बंद पडल्या आणि थेट ऑक्टोबरात उघडल्या. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. या संपाचा इतिहास सांगताना गिरणी कामगार युनियनची स्थापना, डांगे, अर्जुन आळवे, ना. म. जोशी यांचे नेतृत्व आणि पुढच्या वर्षीचा मीरत खटला यांवर भर दिला जातो. तो रास्तच आहे. पण भांडणाच्या मुळाशी साचेखात्यातला एक साधा हिशेब होता. एका विणकराने दोन साचे, म्हणजे माग, सांभाळायचे की तीन? त्रासनखात्यातही तेच: सूतकताईच्या यंत्राची एक बाजू पाहणाऱ्या कामगाराने आता दोन्ही बाजू पाहाव्यात, अशी योजना होती. ससून समूहाच्या गिरण्यांनी ती आधी आणली होती आणि इतर मालकही त्याच वाटेने निघाले होते.

आज कारखान्यात उत्पादन यंत्रणेची आखणी करणारा अभियंता असतो. कोणते यंत्र कुठे बसवायचे, माल कोणत्या वाटेने फिरवायचा, एका वेळी किती नग काढायचे, एका माणसाकडे किती यंत्रे द्यायची, हे ठरवणे त्याचे काम. १९२८च्या मुंबईत या हुद्द्याचा माणूस नव्हता, पण त्याचा सगळ्यात अवघड प्रश्न मात्र परळ-लालबागच्या रस्त्यावर उतरला होता.

विणकराची बाजू समजायला मागासमोर उभे राहावे लागते. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून तो सांधायचा. वेळेत दिसला नाही तर कापडात दोष राहतो. धोट्यातली कांडी संपली की पुन्हा माग थांबवून ती बदलायची. विणकराची मजुरी कामावर, म्हणजे विणलेल्या कापडावर होती. माग थांबला की मजुरी थांबली, कापड खराब निघाले तर दंड. धागा किती वेळा तुटणार हे मात्र त्याच्या हातात नव्हते. ते कापसाच्या प्रतीवर, सुतावर आणि हवेतल्या दमटपणावर ठरे. हलका कापूस मिसळला की धागे जास्त तुटतात, ही कामगारांची जुनी तक्रार होती. तिसरा साचा म्हणजे तुटणाऱ्या धाग्यांच्या आणखी एका रांगेवर नजर. शिवाय तिघांचे काम दोघांत भागले तर तिसरा घरी जाणार, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नव्हते.

मालकांच्या बाजूनेही एक खरी अडचण होती. जपानी कापड स्वस्तात येत होते. जपानमधल्या गिरण्या दोन पाळ्यांत चालत आणि रात्रपाळीला कोवळ्या वयाच्या मुली राबत. त्यांच्या रात्रपाळीवर बंदी आली ती १९२९ साली. त्या स्वस्ताईत या मुलींच्या झोपेचा मोठा वाटा होता. पण एक वाटा यंत्राचाही होता.

साकिची तोयोदा हा सुताराचा मुलगा. आईचे आणि गावातल्या बायकांचे हातमागावरचे कष्ट पाहून तो माग सुधारण्याच्या मागे लागला, असे त्याच्याबद्दल सांगतात. १९२४ साली त्याने आणि त्याचा मुलगा किइचिरो याने ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण केला. कांडी संपत आली की हा माग चालू असतानाच धोटा बदलून घेई, आणि ताण्याचा एक धागा जरी तुटला तरी आपोआप थांबे. नजर ठेवण्याचे काम यंत्राकडे गेल्यामुळे एक विणकर तीसच्या आसपास माग सांभाळू शके. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांच्या करारावर घेतले. मुंबईच्या गिरण्यांना वर्षानुवर्षे यंत्रे पुरवणारी हीच प्लॅट ब्रदर्स. म्हणजे गिरणगावात दोन की तीन यावर पोटाला चिमटा घेऊन लोक लढत होते, त्याच सुमारास तो प्रश्न मुळातून बदलून टाकणारे यंत्र तयार होऊन चार वर्षे झाली होती. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मन विषण्ण होते. माणसावर वाढवलेला भार आणि यंत्रात घातलेली अक्कल, दोन्हींचा हिशेब ताळेबंदात ‘दर माणशी उत्पादन’ या एकाच रकान्यात पडतो.

कामाच्या आखणीचे शास्त्र म्हणून जे जगभर पसरले होते ते अमेरिकेतले. फ्रेडरिक टेलरने पोलादाच्या कारखान्यांत स्टॉपवॉच घेऊन कामाचे तुकडे मोजले आणि १९११ साली आपल्या पद्धतीवर पुस्तक काढले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणारे कामगार घड्याळ पाहून काम सोडून निघून गेले. प्रकरण अमेरिकी संसदेच्या चौकशीपर्यंत पोहोचले आणि पुढे सरकारी निधीतून अशा वेळमोजणीवर खर्च करायला मनाई झाली. फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३-१४ साली सरकत्या लाइनमुळे मोटारीचा सांगाडा जोडायला लागणारे साडेबारा तास दीड तासावर आले. लोक मात्र टिकेनात; शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षात साडेतीनशेहून जास्त माणसे नव्याने घ्यावी लागत. पाच डॉलर रोज जाहीर झाला तो यानंतर.

तोयोदांच्या सूतगिरणीत १९३२ साली ताइइची ओनो नावाचा तांत्रिक शाळेतून शिकलेला तरुण रुजू झाला. १९४३ साली तो घराण्याच्या मोटार कंपनीत, टोयोटात आला. त्याला मोटारींचे काही माहीत नव्हते. गिरणी मात्र माहीत होती, आणि तेच त्याचे भांडवल ठरले. यंत्रशाळेत एक लेथ, एक कारागीर अशी वाटणी पाहून त्याला नवल वाटले. गिरणीत एक मुलगी कितीतरी माग सांभाळते, मग यंत्र धातू कापत असताना माणूस नुसता पाहत का उभा? १९४७च्या सुमारास त्याने यंत्रे कामाच्या क्रमाने काटकोनात किंवा समांतर लावली आणि एका माणसाकडे तीन-चार यंत्रे दिली. कारागिरांनी कडाडून विरोध केला, हे ओनोने स्वतःच लिहून ठेवले आहे. लेथवाल्याने ड्रिलही चालवायचे, हे त्यांच्या कसबाला लागले होते. १९५० साली टोयोटा बुडायच्या बेतात आली. मोठी नोकरकपात झाली, संप झाला आणि अध्यक्ष किइचिरोने राजीनामा दिला. ओनोची पद्धत या पडझडीतून वर आली.

तिचा पाया दुहेरी होता. एक म्हणजे पुढच्या टप्प्याने जेवढे उचलले तेवढेच मागच्याने करायचे, आणि तो निरोप एका चिठ्ठीने, कानबानने, मागे पाठवायचा. दुसरा पाया साकिचीच्या मागातून आला होता: दोष दिसला की थांबायचे. यंत्राला ही सवय लावली, पुढे माणसालाही तो अधिकार मिळाला. लाइनवरच्या कामगाराने दोरी ओढली की वर दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि अडचण मिटली नाही तर लाइन उभी राहते. गिरणगावातल्या विणकराला थांबण्याचा खर्च पदरचा सोसावा लागे. इथे थांबण्याचा खर्च कंपनीच्या अंगावर आला, म्हणून दोष का आला हे शोधणे अभियंत्याचे काम झाले. ओनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून नव्या अभियंत्याला त्यात तासन्‌तास उभा करी, काय दिसले ते विचारी आणि पुन्हा उभा करी. या पेशाला वाहिलेल्या माणसांची ती खरी शाळा.

सल्लागार शिगेओ शिंगोचे उदाहरण या शाळेचेच आहे. १९६९ साली टोयोटातल्या हजार टनी प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा ठसा) बदलायला चार तास लागत. शिंगोने प्रेस बंद असतानाच करावी लागणारी कामे आणि प्रेस चालू असताना आधीच उरकता येणारी कामे वेगळी केली. वेळ दीड तासावर आला. कंपनीने तीन मिनिटांचे लक्ष्य दिले, तेही काही महिन्यांत गाठले. डाय झटपट बदलते म्हटल्यावर एकाच प्रकारचे हजारो नग काढून गोदाम भरण्याची गरज उरली नाही. यात कुणाचा हात जास्त वेगाने चालवावा लागला नाही.

या कथेला दुसरी बाजू आहे. पत्रकार सातोशी कामाता १९७२ साली हंगामी कामगार म्हणून टोयोटात लाइनवर राबला. त्याचे पुस्तक दमछाक, अपघात आणि लाइनच्या वाढत्या वेगाबद्दल बोलते. थांबवायची दोरी हाताशी आहे म्हणून लाइन सावकाश चालते, असे नव्हे.

महाराष्ट्रात हे शास्त्र शिकवण्याची सोय १९६३ साली झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने मुंबईत पवईला औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, ‘निटी’, उभी राहिली. गिरणगावापासून ती काही मैलांवर. आज चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत कानबान, कायझेन (सतत सुधारणा) हे शब्द कामगारांच्याही बोलण्यात सहज येतात.

टोयोटाशी सरळ नाते जोडले ते किर्लोस्करांनी. त्यांचा आरंभही खेड्यातल्या अवजारापासून झालेला. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला परतले, कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या पणतू पिढीतल्या विक्रम किर्लोस्करांनी १९९५ साली तोयोदांशी भागीदारी केली ती कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी. मोटारी त्यानंतर आल्या: १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली आणि बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला.

त्या कारखान्यात नोव्हेंबर २०२० मध्ये एका कामगाराच्या निलंबनावरून ठिय्या सुरू झाला आणि व्यवस्थापनाने टाळेबंदी जाहीर केली. शिस्त मोडली, असे कंपनीचे म्हणणे होते. युनियनचे म्हणणे असे की उत्पादनाचे लक्ष्य वाढवताना माणशी कामाचा बोजा झेपेनासा झाला आहे, आणि तो किती असावा हे ठरवताना कामगारांना विचारले जात नाही. २०२१ उजाडले तरी वाद धुमसतच होता.