२८.८ तास

आमच्या आप्पाकाकांनी २००१ साली पिंपरीच्या एका कारखान्यातून व्हीआरएस घेतली, तो किस्सा घरच्यांना ठाऊक आहेच. साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं आणि आकडा लिहिलेला कागद पुढे सरकवला. म्हणायला 'स्वेच्छानिवृत्ती'! परवा फोक्सवागनबद्दल वाचताना तो कागद आठवला.

१९९३ मध्ये या जर्मन मोटार कंपनीला सुमारे १९० कोटी मार्कांचा तोटा झाला. देशातल्या लाखभर कामगारांपैकी ३० हजार जास्तीचे ठरले. पण तिथे कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या, शिवाय लोअर सॅक्सनी हे राज्यच मोठं भागधारक. सरसकट काढून टाकणं सोपं नव्हतं. व्यवस्थापनाचे पीटर हार्ट्झ आणि आयजी मेटाल ही युनियन समोरासमोर बसले आणि नोव्हेंबरात करार झाला. माणसं कापायची नाहीत, तास कापायचे. आठवड्याचे ३६ तास १९९४ पासून २८.८ झाले. म्हणजे चारच दिवस काम.

आणि पगार? खरी गंमत इथेच आहे. वर्षाची कमाई दहा-पंधरा टक्क्यांनी घटली, पण महिन्याचा पगार होता तेवढाच राहिला. सुट्टीचा भत्ता, वर्षाचा बोनस असे एकरकमी मिळणारे पैसे बारा महिन्यांत वाटून टाकले. घरभाडं आणि हप्ते महिन्यावर चालतात, हे ज्याला सुचलं तो नक्की संसारी माणूस असणार. (हेच हार्ट्झ २००७ मध्ये कामगार प्रतिनिधींना कंपनीच्या पैशाने खूश ठेवल्याच्या प्रकरणात दोषी ठरले. असो.)

२००६ मध्ये तास पुन्हा ३३ वर गेले, तेही पगार न वाढता. नोकरीची हमी मात्र तीस वर्षं टिकली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ती रद्द केली, संप झाले, आणि २० डिसेंबरला नवा करार झाला. २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायच्या, पण सक्तीने कुणालाच घालवायचं नाही.

त्याच करारात आणखी एक कलम आहे. शिकाऊ उमेदवारांच्या जागा वर्षाला १४०० वरून ६०० वर आणायच्या. आता अजून नोकरीलाच न लागलेली ही आठशे पोरं वाटाघाटीला कुठून बसणार?

काकांची कायम जागाही त्यांच्यामागे रद्द झाली. चार वर्षांनी त्यांचा मुलगा त्याच शेडमध्ये कामाला लागला, कंत्राटदाराच्या रजिस्टरवर. पहिल्या दिवशी त्याला गेटपर्यंत सोडायला काका गेले नाहीत.