वाया जाणाऱ्या धुराची ताकद : टर्बोचार्जरचा प्रवास, मोहोळच्या रस्त्यावरून

पुणे–सोलापूर महामार्ग पूर्वी नऊ नंबरचा होता, आता तो पासष्ट नंबरचा झाला आहे. मोहोळला या रस्त्याच्या कडेला रात्री थोडा वेळ उभे राहिले, की एक आवाज हमखास कानावर येतो. भरलेला ट्रक वेग घेऊ लागला की इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येते आणि चालकाने पाय उचलला की ती विरून जाते. चहाच्या टपरीवरचे लोक त्या शिळेला नुसते ‘टर्बो’ म्हणतात. आमच्या लहानपणी ट्रक धापा टाकत जायचे, शीळ घालत नसत. त्या धापेची शीळ कशी झाली, हे शोधावे असे मला कधी वाटले नव्हते. ते वाटले भाच्यामुळे.

भाचा मोहोळचाच. गॅरेजात काम शिकलेला, हात चांगला. त्याने एक जुनी पेट्रोल मोटार घेतली होती. “मामा, हिला टर्बो बसवतो अन् ट्रॅकवर नेतो. बघाच तुम्ही,” असे तो दिवाळीत म्हणाला. संक्रांतीला गेलो तेव्हा मोटार विटांवर उभी होती आणि पिस्टन टेबलावर होता. पिस्टनच्या माथ्यावर करंगळी जाईल एवढे भोक पडलेले. जुन्या बाजारातून आणलेला टर्बो दोन दिवस चालला होता. साठवलेले पैसे तर गेलेच, पण त्याला जास्त लागले होते ते वेगळेच. “चुकलं कुठं ते कळंना, मामा,” तो म्हणाला. या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ते शोधता शोधता हा लेख झाला.

इंजिनाची ताकद इंधनात असते, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. इंधन हवे तेवढे ओतता येते, अडते ते हवेपाशी. सिलिंडरच्या पोकळीत मावेल तेवढीच हवा आत येणार. म्हणजे ताकद वाढवायची तर इंजिन मोठे करा, वेगाने फिरवा, नाहीतर हवा दाबून आत कोंबा. हवा कोंबण्याची कल्पना गॉटलीब डाइम्लर यांना १८८५ सालीच सुचली होती. पण कोंबणारा पंप चालवायचा कोणी? इंजिनाने? मग कमाईतला वाटा तिथेच गेला.

यावर तोड काढली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने. हा माणूस विंटरथूर गावचा, पुढे त्याने झुल्झर कंपनीत काम केले. इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि तिचा मोठा हिस्सा धुराबरोबर बाहेर पडतो, हे त्याने हेरले. त्या गरम धुराच्या झोतात एक चक्र ठेवावे आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चक्र बसवावे, अशी त्याची योजना होती. १९०५च्या नोव्हेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पण कागदावरचे चक्र प्रत्यक्षात फिरायला वीस वर्षे लागली. तेवढी उष्णता आणि तेवढा वेग सोसणारे धातू आणि बेअरिंग तेव्हा नव्हते. अखेर १९२०च्या दशकाच्या मध्यावर ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्त्सिग’ या दोन जर्मन जहाजांवर ब्यूखीची पद्धत बसली आणि १,७५० अश्वशक्तीची इंजिने २,५०० अश्वशक्ती देऊ लागली. भाच्याला दोन दिवसांत हवे होते त्यासाठी मूळ संशोधकाने दोन दशके घालवली होती.

दरम्यान पहिले महायुद्ध झाले. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि इंजिन गुदमरते. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने ३५० अश्वशक्तीचे लिबर्टी इंजिन सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या डोंगरावर नेले. तिथे ते २३० वर आले. टर्बो जोडल्यावर त्याच डोंगरावर त्याने ३५६ अश्वशक्ती दिली.

मोहोळचा आणि त्या डोंगराचा काय संबंध, असे वाटेल. पण सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. त्यात वैशाखातला पारा ४३ अंशांवर. पंधरा अंश तापमानाच्या, समुद्रकाठच्या हवेशी तुलना केली तर आपल्याकडच्या त्या दुपारच्या हवेत तेरा-चौदा टक्के वजन कमी भरते. इंजिन तेवढे उपाशीच चालते.

आता भाच्याच्या पिस्टनकडे येऊ. हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना हाताला चटका बसतो, तेच कारण. ४३ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि दाबणारे चक्र साधारण चांगले असले, तरी ती १४० अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा फुगते. म्हणून दाब दुप्पट झाला तरी हवा दुप्पट होत नाही, जेमतेम दीडपट होते. यासाठी हवा सिलिंडरात जाण्याआधी थंड करणारा इंटरकूलर लागतो. तो साठ अंशांपर्यंत आणू शकला तर तीच हवा एकोणीसविशी, म्हणजे जवळजवळ दुप्पट भरते.

पेट्रोल इंजिनात याहून मोठा धोका असतो. तापलेले, दाबलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच ठिकठिकाणी आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. हातोड्याचे घाव बसावेत तसे पिस्टनवर घाव बसतात. वाढलेल्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले तर आगीत तेलच. टर्बो बसवणारे कारखाने त्यासाठी मुळातला कॉम्प्रेशन रेशो कमी करतात, इंधन वाढवतात, ठिणगी उशिरा टाकतात. भाच्याने यातले काहीच केले नव्हते. मूळ इंजिनाला त्याने फक्त हवा दिली होती.

शर्यतीच्या इतिहासातही हाच धडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. १९५२ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीने एक डिझेल मोटार उतरवली. टर्बो लावलेली त्या शर्यतीतली ही पहिली गाडी. फ्रेड अगाबाशियन या चालकाने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांचा वेग गाठून सर्वांत पुढची जागा मिळवली. डिझेल म्हणजे ट्रकचे इंजिन, असे म्हणणारे लोक गप्प झाले. पण ७१ फेऱ्यांनंतर गाडी बाद झाली. हवा आत घेण्याचे तोंड खाली, नाकापाशी होते आणि रस्त्यावरच्या टायरच्या कणांनी ते चोंदले. इंजिन हरले नव्हते, त्याचा श्वास कोंडला होता. आपल्या काळ्या मातीतल्या मेकॅनिकला हे समजावून सांगावे लागत नाही. एअर फिल्टरवर बसणारा फुफाटा तो रोज झटकतो.

याच कमिन्सशी १९६२ साली पुण्यात किर्लोस्करांनी भागीदारी केली आणि ‘किर्लोस्कर कमिन्स’ उभी राहिली. तोवर डिझेल इंजिन म्हणजे विहिरीवरचे ठकठक करणारे यंत्र, अशीच आपली ओळख होती. पुढे १९९३ साली टाटा आणि कमिन्स एकत्र आले. या शतकाच्या सुरुवातीला धुराचे नियम कडक होत गेले, तसा जड वाहनांत टर्बो आणि इंटरकूलर सर्रास झाला, कारण पुरेशी हवा मिळाली की काळा धूर कमी होतो. महामार्गावरची धाप जाऊन शीळ आली ती अशी. आज आमच्या माळशिरसच्या शिवेपलीकडे फलटणला कमिन्सचे मोठे कारखाने आहेत.

फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला रनोने, १९७७ साली सिल्व्हरस्टोनला. नियम असा होता, की साधे इंजिन तीन लिटरचे चालेल, हवा कोंबणारे दीड लिटरचेच. रनोची पिवळी गाडी इतक्यांदा वाफ सोडत थांबायची की लोक तिला ‘पिवळी किटली’ म्हणू लागले. दोन वर्षांनी, १९७९च्या जुलैमध्ये, दिजाँ येथे याबुईने त्याच किटलीत बसून फ्रेंच ग्रां प्री जिंकली. १९८३ साली नेल्सन पिके टर्बोवर जगज्जेता झाला. त्यानंतर पात्रता फेरीपुरती दीड लिटरची इंजिने हजाराहून जास्त अश्वशक्ती देऊ लागली. १९८८ साली मॅक्लारेन-होंडाने सोळांपैकी पंधरा शर्यती जिंकल्या आणि १९८९पासून टर्बोवर बंदी आली. ती उठली २०१४ साली.

इथे एक गंमत आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आली ती २०११ ते २०१३ या तीन वर्षांत, म्हणजे टर्बोबंदीच्या काळात. टर्बो परतला तेव्हा ती शर्यत भारतातून गेली होती. पण त्याच वर्षी, मार्च २०१४मध्ये, त्याच सर्किटवर टाटांचे प्रायमा ट्रक शर्यतीत धावले, तेही टर्बो लावलेल्या कमिन्स इंजिनांवर. इंडियानापोलिसला सुरू झालेले वर्तुळ असे आपल्या देशात येऊन मिळाले. पहिली दोन वर्षे चालक परदेशी होते, २०१६पासून भारतीय ट्रकचालकांनाही शिकवून उतरवले गेले. आमच्या रस्त्यावरून माल वाहणाऱ्या माणसांच्या जातकुळीची माणसे शर्यतीच्या रिंगणात उतरली, हे मला कोणत्याही अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा मोठे वाटते.

त्या ट्रकांची तयारी कशी केली जाते, हेही भाच्याला सांगितले. रस्त्यावरचा ट्रक शर्यतीचा करताना नुसती ताकद बघत नाहीत. ब्रेक, चालकाभोवतीचा पिंजरा, आसन, पट्टे हे आधी येते. वेग वाढवणे सोपे, तो उतरवणे अवघड. आणि रिंगण म्हणजे रिंगण. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीला गुन्हा मानते आणि कलम ५२ नोंदणीच्या गाडीत मन मानेल तसा बदल करू देत नाही. पूर्वी लोक जुहू, शोलावरमच्या धावपट्ट्यांवर शर्यती लावत. आज कोल्हापूरला मोहितेंचे कार्टिंगचे रिंगण आहे, कोइमतूरला करी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचे रिंगण आहे. करी हे नाव एस. करिवर्धन यांचे. मारुती आठशेच्या साध्या इंजिनावर धावणारी ‘फॉर्म्युला मारुती’ ही त्यांचीच देणगी. ७९६ घनसेंटिमीटरच्या त्या इंजिनावर कित्येक भारतीय मुले शर्यत शिकली.

मी हे सगळे सांगून झाल्यावर भाचा बराच वेळ पिस्टन हातात फिरवत बसला. मग म्हणाला, “म्हंजे आधी ब्रेक, मग टायर, मग रेडिएटर, मग मी. टर्बो सगळ्यात शेवटी.” ब्यूखीपासून रनोपर्यंतच्या लोकांनी इतकी वर्षे घालून जे शिकले ते त्याने एका ओळीत मांडले होते.

गेल्या पावसाळ्यात त्याने मोटार पुन्हा जुळवली, टर्बोशिवाय. पैसे जमले की कोल्हापूरला कार्ट चालवून आधी वळणे शिकणार आहे. तो टर्बो त्याने विकला नाही, गॅरेजच्या फळीवर ठेवलाय, शेजारी भोक पडलेला पिस्टन. नवीन पोरगं कामाला आलं की ते दोन्ही त्याच्या हातात देतो आणि विचारतो, “सांग बरं, चुकलं कुठं?”