‘हिगोनोकामी’ : एका खिशातल्या चाकूचा इतिहास

ज्या ज्ञातीच्या वाडवडिलांनी भात्यापाशी बसून विळे-कोयते घडविले, तिच्या वार्षिकांकात परदेशी चाकूची कथा कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु हा चाकू लोहारांनी केला व शाळकरी मुलांनी वापरला. आणि आमचा जन्म लोहाराच्या घरी होऊन सारे आयुष्य शाळेत गेले. तेव्हा त्याविषयी लिहिण्याचा मोह आम्हास आवरत नाही.

जपानात ह्योगो प्रांतात मिकी नावाचे गाव आहे. १५७८ ते १५८० या काळात हिदेयोशीने तेथील किल्ल्यास वेढा घातला, त्यात गावाची धूळधाण झाली. ते पुन्हा उभारावयास सुतार आले, सुतारांमागोमाग त्यांची हत्यारे करणारे लोहार आले, आणि करवती, रंधे, पटाशा यांसाठी मिकीचे नाव झाले. पुढे १८७६ साली सरकारने कमरेस तलवार लावण्याची बंदी केली. १८९४ च्या सुमारास मिकीजवळच्या हिराता येथील एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने क्यूशू बेटावरून तिकडच्या धाटणीचा एक लहान चाकू आणला, व गावच्या लोहाराने त्यावरून नवा घडविला. माल क्यूशूकडेच अधिक खपे, म्हणून त्यास नाव दिले ‘हिगोनोकामी’, म्हणजे हिगो प्रांताचा सुभेदार. हिगो म्हणजे आजचे कुमामोतो. पोराच्या खिशातल्या चाकूस सुभेदाराची पदवी! व्यापाऱ्याची अक्कल सर्व देशांत सारखीच.

त्याची घडण साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. मूठ म्हणजे पन्हळीसारखा दुमडलेला एकच पत्रा. पाते एका खिळ्यावर फिरते. त्यास स्प्रिंग नाही की खटका नाही. पात्याच्या मागे आपल्याकडील वस्तऱ्यास असते तसे एक लहानसे शेपूट असते. त्यावर अंगठा दाबून धरावा तोवर पाते उघडे राहते. अंगठा ढिला पडला की ते मिटू लागते. म्हणजे सारी सुरक्षितता धरणाऱ्याच्या अवधानावर. चांगल्या प्रतीच्या पात्यात मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये कठीण पोलाद घातलेले असते. धार पोलादाची व आधार लोखंडाचा, ही युक्ती आपल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको.

जपानी मुले या चाकूने पेन्सिलीस टोक करीत, बांबूची खेळणी करीत. पुढे १२ ऑक्टोबर १९६० रोजी तोकियोतील हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे पुढारी इनेजिरो असानुमा यांस एका सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत व्यासपीठावर भोसकून ठार केले. त्याच्या हाती हिगोनोकामी नव्हता. आखूड तलवार होती. तथापि मुलांच्या हाती पाते नको अशी चळवळ देशभर फोफावली, आणि दप्तरातला निरपराध चाकू त्यात गेला. टोकयंत्रे आली, लोहारांचे भाते एकेक करून विझले. आज तो नाव-शिक्का वापरण्याचा अधिकार मिकीतील नागाओ कानेकोमा या एकाच कारखान्याकडे उरला आहे.

नागानो प्रांतातील इकेदा गावच्या आइझोमे प्राथमिक शाळेने मात्र १९८३ पासून उलट रीत पाडली. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलास शाळाच हा चाकू देऊ लागली, पेन्सिलीस स्वतः टोक करावे म्हणून. सहा वर्षांचे मूल आणि उघडे पाते! हे प्रथम वाचले तेव्हा, खरे सांगावयाचे तर, आम्हास आमचीच लाज वाटली.

त्याचे कारण असे. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या पाचवीच्या वर्गात आपल्याच ज्ञातीच्या एका मुलाजवळ चाकू सापडला. त्याच्या आजोबांनी मोडक्या करवतीच्या पात्यापासून तो घडविला होता, व तो मुलगा साऱ्या वर्गाच्या पेन्सिलींस टोके करून देत असे. आम्ही चाकू काढून घेतला, चार शब्द सुनावले आणि आपले कर्तव्य बजावल्याचे समाधान मानले. दुसऱ्या दिवसापासून मुले दाढीच्या अर्ध्या ब्लेडने टोके करू लागली. बोटे कापू लागली ती तेव्हापासून. मुलाने चाकू कधी परत मागितला नाही, आणि आमची बदली झाल्यावर तो आमच्याच पेटीत राहिला.

यंदा खंडेनवमीस तो बाहेर काढून पुजला. गंज चढला आहे, पण पाणी उत्तम दिलेले आहे. दगडावर दोन हात फिरविताच धार आली. तो मुलगा आता चाळिशीचा असेल. हा अंक त्याच्या घरी जात असल्यास त्याने आमच्याकडे येऊन आपली वस्तू घेऊन जावी.