सोलापूर जिल्ह्यातील वैद्यकतज्ज्ञांचे निरंतर शिक्षण आणि ऑनलाइन परिसंवाद

पदवी पदरात पडल्यावरही वैद्याने शिकत राहावे, ही अपेक्षा जुनी असली तरी तिला नियमाचे रूप फार उशिरा आले. मुंबई इलाख्यात १९१२ च्या वैद्यक अधिनियमाने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. परंतु तीत एकदा नाव चढले की पुढील ज्ञानार्जनाची चौकशी करणारे कोणी नव्हते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी दर पाच वर्षांत निदान तीस तास व्यावसायिक सभांत भाग घ्यावा, असे सांगितले. नव्वद वर्षांचे हे अंतर लक्षणीय आहेच. त्याहून लक्षणीय हे की, नियमाने तास मोजले, ज्ञान नव्हे.

सोलापूरकर तज्ज्ञाच्या बाबतीत हे तास म्हणजे बहुधा प्रवास. शहरात वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली निघाले. तोपर्यंत वैद्यक शिकण्यास बाहेर जाणे भागच होते; सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचेही शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. महाविद्यालय आल्यावरही मोठ्या परिषदांचा ओढा मुंबई-पुण्याकडेच राहिला. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघावे, दिवसभर व्याख्याने ऐकावी आणि पुन्हा रात्रीच्याच गाडीने परतावे, हा क्रम ज्याचे रुग्णालय त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आहे त्या शल्यविशारदाला वा प्रसूतितज्ज्ञाला वर्षातून किती वेळा जमावा?

मार्च २०२० मधील टाळेबंदीने परिषदा बंद पडल्या आणि व्याख्याने संगणकाच्या पडद्यावर आली. नव्या रोगाविषयीची माहिती आठवड्या-आठवड्याला बदलत असताना छापील नियतकालिकाची वाट पाहणे शक्य नव्हते. दिवसभराचे रुग्ण आटोपून अक्कलकोटचा वा पंढरपूरचा डॉक्टर दिल्लीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान घरबसल्या ऐकू लागला, हा लाभ थोडा नव्हे. औषध कंपन्यांच्या आश्रयाने होणाऱ्या व्याख्यानांत शिक्षण कोठे संपते व विक्री कोठे सुरू होते, हा प्रश्न मात्र पडद्यावरही सुटला नाही. तो परिषदांच्या भोजनगृहातून येथे आला एवढेच.

परंतु प्रस्तुत लेखकास याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न निराळा आहे. या व्यवस्थेत बोलणारा महानगरातला आणि ऐकणारा जिल्ह्यातला, हे गृहीतच धरले जाते. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधारे १९८७ साली ग्रामीण लोकसंख्येची कर्करोग-नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भारतातील ही अशी पहिलीच नोंदणी होय. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे मार्गदर्शन तिला होते. पण नोंदी गोळा झाल्या त्या गावोगाव हिंडून, येथील माणसांच्या हातून. पुढे १९९९ पासून याच रुग्णालयाने, टाटा केंद्र आणि लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने, शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग केला. खेड्यांचे ५२ गट व त्यांतील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एच. पी. व्ही. विषाणूची एकवेळची चाचणीही या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणू शकते, हा निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तज्ज्ञांनी तो अभ्यासला. ज्ञानाचा प्रवाह येथे बार्शीकडून जगाकडे गेला होता.

पडद्यावरील परिसंवादाला या उलट प्रवाहाची सोय तांत्रिकदृष्ट्या सहज करता येते. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालात निरनिराळ्या ठिकाणचे तज्ज्ञ दूरस्थ बैठकीत एकाच रुग्णाचा विचार करतात. तेथे प्रत्यक्ष रुग्ण ज्याच्यासमोर आहे त्याला बोलावेच लागते. केवळ व्याख्यानाच्या रूपात होणाऱ्या कार्यक्रमात मात्र श्रोत्याचा आवाज बंद ठेवलेला असतो आणि त्याचा प्रश्न लेखी चिठ्ठीसारखा बाजूला सरकत जातो. तास तेवढे दोन्हीकडे सारखेच भरतात.

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी साधनांची निकड ध्यानी घ्यावी. परिषदांच्या स्मरणिका कोठेतरी कपाटात सापडतात. २०२० आणि २०२१ मधील व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे मात्र आयोजकांच्या खासगी खात्यांत आहेत, आणि खाते बंद होताच ती नाहीशी होतात. जिल्ह्यातील डॉक्टरांनी त्या वेळी विचारलेले प्रश्न याच मुद्रणांबरोबर आहेत.