अतिसंवाहक संवेदक व हलके कृष्णद्रव्य

नीच तापमानास काही धातूंचा विद्युत् रोध पूर्णपणे नाहीसा होतो. हा आविष्कार हाइके कामर्लिंग ऑनेस यांना १९११ मध्ये लायडन येथे पाऱ्यात सु. ४·२ केल्व्हिन तापमानास प्रथम आढळला. या संक्रमणाच्या सीमेवर ठेवलेल्या धातूस अत्यल्प उष्णता मिळाली, तरी तिचा रोध एकदम वाढतो. या तत्त्वावर डी. एच. अँड्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०–५० या दशकात अवरक्त प्रारण व आल्फा कण यांचे अभिज्ञान केले. तथापि धातू त्या अरुंद सीमेवर स्थिर ठेवणे अवघड असल्याने ही पद्धती दीर्घकाळ मागे पडली. स्थिर विद्युत् दाब दिल्यास संवेदक आपोआप सीमेवर टिकतो, हे के. डी. अर्विन यांनी १९९५ मध्ये दाखविल्यावर तिचा प्रसार झाला.

कृष्णद्रव्य प्रकाश देत नाही. त्याचे अस्तित्व गुरुत्वाकर्षणावरूनच अनुमानिले जाते. त्याचा कण दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतका हलका असल्यास, दीर्घिकेतील नेहमीच्या वेगाने त्याची गतिज ऊर्जा जेमतेम अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. सिलिकनातील इलेक्ट्रॉन मुक्त करण्यास सु. १·१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. अतिसंवाहक ॲल्युमिनियमातील इलेक्ट्रॉनांची जोडी फोडण्यास त्याच्या सहस्रांशाहूनही कमी ऊर्जा पुरते. म्हणूनच योनित होखबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे संवेदक सुचविले. त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केवळ ४·३ नॅनोग्रॅम वस्तुमानाच्या टंगस्टन सिलिसाइड सूक्ष्मतारेत १०,००० सेकंदांत एकही संकेत मिळाला नाही. कण सापडला नसला, तरी त्या मौनामुळे त्याच्या संभाव्य आंतरक्रियांवर मर्यादा घालता आली. ही संवेदनशीलता राखून संवेदकाचे वस्तुमान वाढविणे, हाच यापुढील मुख्य प्रश्न होय.