वेटरच्या छातीतला धूर

अण्णा, म्हणजे माझे आजोबा, नाशिकला मेन रोडजवळच्या एका चहाच्या हॉटेलात तीस वर्षं वेटर होते. दारातल्या पानपट्टीला सुंभ टांगलेला असे. त्याचं टोक दिवसभर धुमसायचं. गिऱ्हाईक त्यावर विडी पेटवून आत येई. अण्णा सांगत, “चहा आणि विडी ही जोडीच होती. हटकायचं म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याला ऊठ म्हणण्यासारखं!” बायाबापड्यांसाठी मागे फळ्या ठोकून ‘फॅमिली रूम’ केली होती. फळी छतापर्यंत पोचत नव्हती, धूर वरून आत उतरायचाच.

आजी सिन्नरची. लग्नाआधी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांवर, छाट निघालेल्या विड्यांचा पैसा नाही. विडी बंद करा असं कुणी म्हटलं की ती विचारी, “मग सिन्नरच्या बायांनी चूल कशावर पेटवायची?” तो प्रश्न मला आजही खोडता येत नाही.

काँग्रेस नेते मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दवाखाने, शाळा, न्यायालयं, रेल्वे इथे धूम्रपान थांबवलं. त्या यादीत हॉटेल नव्हतं. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात उपाहारगृहं आली, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनी बार, पबही धरले. दंड 200 रुपयांपर्यंत. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला धूम्रपानाची वेगळी जागा ठेवायची मुभा. गल्ल्यावरचे म्हणाले, धंदा बसेल. गिऱ्हाइकं म्हणाली, पैसे मोजून बसतो, मग आमची मर्जी. दोघांच्या वादात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं नाव कुणी काढलं नाही.

अण्णांनी जन्मात विडी ओढली नव्हती. शेवटी शेवटी जिन्याच्या दर चार पायऱ्यांना ते थांबत. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, “आजोबा, किती वर्षं ओढता?” अण्णा गप्प बसले. त्यांना काय सांगावं ते सुचलं नाही, आणि मलाही नाही.

धूम्रपानाच्या खोलीत काहीही वाढायला मनाई करणारी दुरुस्ती 2017 मध्ये झाली. हुक्का पार्लरांमुळे झाली खरी, पण माझ्या लेखी या सगळ्या नियमांत तीच सर्वांत मोलाची. वेटरला धुरात शिरावंच लागू नये, हे तिने ठामपणे म्हटलं.

नाशिकच्या कुठल्याही परमिट रूममध्ये टेबलावर ॲशट्रे दिसला, तर मालकाला तो उचलायला सांगा. जिथे ओढायला बंदी आहे तिथे तो ठेवायलाही बंदी आहे.