गोदीतलं जहाज

'फोर्ट स्टिकिन' हे नाव आमच्या घरात कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. थोरली आजी नुसतं 'ते जहाज' म्हणायची.

कॅनडात १९४२ साली, युद्धाच्या घाईत बांधलेलं मालवाहू जहाज ते. जेमतेम दोन वर्षं चाललं. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडहून निघालं, कराचीत कापसाच्या गासड्या चढल्या आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात जवळजवळ चौदाशे टन दारूगोळा, शिवाय सोन्याच्या विटा. कापूस अन् दारूगोळा एकाच कप्प्यात! आमच्याकडं कडब्याच्या गंजीजवळ कुणी विडीसुद्धा पेटवत नाही.

१४ तारखेला दुपारच्या सुट्टीनंतर धूर दिसला. बंबवाले पाणी मारत होते, तेवढ्यात चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं. एकट्या अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

थोरले आजोबा त्याच गोदीत हमाल होते. सोन्याच्या विटा पुढं कितीतरी वर्षं गाळात सापडत राहिल्या. आजोबांचं काहीच सापडलं नाही. "डोळ्यानं बघितलं न्हाई, तर पुसू कशी?" म्हणत आजीनं कुंकू शेवटपर्यंत लावलं. वाडीतल्या बायकांनीही संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं तिचं बोलावणं कधी चुकवलं नाही.